पालकांचेही प्रशिक्षण

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका पालकाने केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. शिरूरच्या बाजारपेठेत माझे लहानसे दुकान आहे. माझा मुलगा नौदलाच्या प्रशिक्षणास गेला होता. ते चार महिने आम्ही घरी कसे काढले, ते सांगावे अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

निवड झाली तेव्हा मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली नव्हती. अशा उमेदवाराच्या भरतीच्या कागदावर पालकाची सही लागते. मी लेखणी उचलली, तोच त्याची अम्मी म्हणाली, "घोडनदीला पूर आला की मी पोराला काठावर जाऊ देत नाही, आणि तुम्ही त्याला दर्यात घालता?"

तिला वाटे, आयएनएस चिल्का म्हणजे जहाजच. वास्तविक नौदल आपल्या जमिनीवरील तळांनाही जहाजासारखीच नावे देते. आयएनएस चिल्का हे ओडिशातील चिलिका सरोवराच्या काठचे, १९८० पासूनचे प्रशिक्षण केंद्र आहे. नवा खलाशी तेथे कवायत, पोहणे आणि शिस्त शिकतो. जहाज त्यानंतर येते. आणि दर्या आपल्याला परका आहे काय? शिवछत्रपतींच्या आरमारात दौलतखान होते. १९४६ साली मुंबईत नौसैनिकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते. हे सारे मी तिला ऐकविले. तिने ऐकून घेतले, पण पटले नाही. आईची भीती इतिहास सांगून जात नसते.

शिरूरला रेल्वे नाही. न्हावरे, चौफुला करीत आम्ही दौंडला माझ्या मेहुण्याकडे आलो आणि संध्याकाळी मुलाला कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसविले. सोलापूर, विजयवाडा, विशाखापट्टणम करीत ही गाडी बाळुगावला जाते. तेथून केंद्र जवळ. गाडी हलली तेव्हा मुलगा हसत होता. परतीच्या वाटेवर आम्हा दोघांत एक शब्द झाला नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते. पण तेच सांगण्यासारखे आहे.

फोन मोजकाच येई. दुसऱ्या की तिसऱ्या फोनला मुलगा रडू लागला. "अब्बा, पाय सुजलेत. झोप पुरत नाही. मला घेऊन चला." मागे बसलेली त्याची अम्मीही रडू लागली. माझा तोल गेला. मी म्हणालो, "परत आलास तर तोंड दाखवू नकोस. सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटलेत." त्याने फोन ठेवला.

पुढे आठ दिवस फोन नाही. बंधूंनो, ते आठ दिवस शत्रूवरही येऊ नयेत. घरात चूल पेटे, पण जेवण कोणाला जात नसे. दुकानात फोन वाजला की तराजू हातातून सुटे.

शेवटी दौंड गाठले. मेहुण्याच्या शेजारी राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी सारे ऐकले आणि मला चांगलेच फैलावर घेतले. म्हणाले, "भाई, पहिला महिना प्रत्येक रंगरूट रडतो. मीही रडलो. त्याला तुम्ही न्यायला यायला नको होते. कोणीतरी ऐकायला हवे होते. तुम्ही त्याला तुमच्या पेढ्यांचा हिशेब दिलात."

त्या रात्री मी मुलाला पत्र लिहिले. "बेटा, माझे चुकले. घराचे दार तुला सदैव उघडे आहे. मात्र निर्णय रात्री दमल्यावर घेऊ नकोस. सकाळी पोटभर खाऊन घे."

पुढच्या फोनवर त्याने परत येण्याचे नाव काढले नाही. "आज पोहण्यात पास झालो," एवढेच म्हणाला. बकरी ईद त्याच महिन्यांत आली. त्याच्या अम्मीने फोनवर हसून मुबारकबाद दिली आणि फोन ठेवल्यावर मग पदर डोळ्यांना लावला. चार महिन्यांनी आम्ही दीक्षान्त संचलनास गेलो, तेव्हा मुलाने न सांगता आपल्या अम्मीची पिशवी हातात घेतली. घरी असताना पाण्याचा पेलाही तो स्वतः घेत नसे!

पालकहो, यातून मी शिकलो ते थोडक्यात सांगतो.

मुलाचा फोन आला की आधी ऐका. आपले रडणे आणि आपली अब्रू, दोन्ही त्याच्या गळ्यात बांधू नका. पत्र लिहा, फोन संपतो, पत्र पुन्हा वाचता येते. आणि एखाद्याचा मुलगा खरोखर परत आला, तर त्याला बोल लावू नका. तो हरलेला नसतो, त्याला दुसरी वाट शोधायची असते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार ही सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना कायम करण्याची तरतूद होती. बाकीच्यांना सेवानिधी म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतील, निवृत्तिवेतन नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणून मुलगा निघाला त्या दिवसापासूनच पाचव्या वर्षाचा विचार करा. ती रक्कम लग्नाच्या मांडवात उडवू नका. त्याच्या पुढील शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी राखा.

विद्यार्थी मित्रांनो, गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. नौदलात त्यांची गरज पडते. मुलींनाही हेच सांगतो. मार्च २०२३ मध्ये चिल्का येथून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. सुमारे २६०० जणांच्या त्या तुकडीत २७० हून अधिक मुली होत्या. उद्या या सभागृहातील एखादी मुलगी दौंडच्या फलाटावर उभी असेल. तिच्या अब्बांनी तेव्हा माझी चूक करू नये, एवढ्यासाठीच ही कबुली दिली.