माणूस गेला, आरोग्यात काय शोधतोस?

मी कविता लिहिणारा माणूस. संकेतस्थळांवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की त्यांत मी अनेकदा हरवलो आहे.

आमच्या गल्लीतल्या खाला एकदा घरी आल्या. नवरा जाऊन महिना झालेला. बँकेतले पैसे अडकले होते, त्यासाठी मृत्यूचा दाखला हवा होता. मुलगा परगावी. "तुझ्याकडं कॉम्प्युटर आहे, बघ की बाबा," म्हणाल्या. मी एका कार्यालयाचं संकेतस्थळ उघडलं. वर साहेबांचे फोटो, उद्घाटनांच्या बातम्या, खाली विभागांची यादी. शोधाच्या चौकटीत 'मृत्यूचा दाखला' लिहिलं. काही सापडलं नाही. तासाभरानं तो अर्ज आरोग्य विभागाच्या पानावर, 'परिपत्रके व नमुने' या मथळ्याखाली मिळाला. तिथं त्याचं नाव 'मृत्यू प्रमाणपत्र' होतं. खाला मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, माणूस गेला. आता आरोग्यात काय शोधतोस?"

मला उत्तर सुचलं नाही. तसं पाहिलं तर कागद योग्य कपाटात होता. अनेक पालिकांत जन्म-मृत्यूची नोंद आरोग्य विभागच ठेवतो. पण ते कपाट ठेवणाऱ्याच्या सोयीनं लावलेलं होतं, शोधणाऱ्याच्या नव्हे.

माझे अब्बा वाचनालयात शिपाई होते. कोणतं पुस्तक कुठं, ते डोळे मिटून सांगत. ते निवृत्त झाले आणि वाचक महिनाभर चाचपडत राहिले. मांडणी अब्बांच्या डोक्यात होती, फळीवर नव्हती. पुढं बी. ए. ला असताना रंगनाथन यांचं नाव कानावर आलं. हे मूळचे गणित शिकवणारे गृहस्थ १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम साधा आहे: वाचकाचा वेळ वाचवा. संगणकाच्या आधीचा हा नियम संकेतस्थळालाही तंतोतंत लागू पडतो.

तो पाळायचा कसा? जाणकार एक सोपी रीत सांगतात. संकेतस्थळावर जे जे द्यायचं, ते एकेका चिठ्ठीवर लिहा. त्या चिठ्ठ्या कार्यालयाबाहेरच्या दहा-पंधरा माणसांपुढं ठेवा. जे एकत्र असावंसं वाटतं त्याचे गठ्ठे त्यांनाच करू द्या, गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. तिथं खालांसारखी बाई बसली, तर 'आरोग्य' नावाच्या गठ्ठ्यात मृत्यूची चिठ्ठी जाणार नाही. ती म्हणेल, 'दाखले'. जन्माचा, मृत्यूचा, रहिवासाचा, सगळे एका जागी. कचेरीनं 'प्रमाणपत्र' खुशाल म्हणावं. पण 'दाखला' लिहिणाऱ्यालाही तेच पान दिसलं पाहिजे.

आणखी एक. कागदाचा नुसता फोटो काढून चढवला, तर अक्षरं आपल्याला दिसतात, साध्या शोधाला दिसत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मराठी मजकुराचंही तेच. माहिती असूनही नसल्यासारखी.

कवितेत वाचकाला थोडं थांबवलं, चुकवलं, तरी तो रागावत नाही. दाखला शोधणाऱ्याला मात्र चुकवू नये. तो बहुधा अडचणीत असतो, कधी दुःखातही असतो.

खालांना दाखला मिळाला. जाताना म्हणाल्या, "तू होतास म्हणून." मला ते कौतुक वाटलं नाही. मी नसतो तर?