तळ्याचा काठ आणि आपले म्हणणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी, लोणार येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरून कोणा विदुषींना बोलावतो. यंदा कार्यकारिणीने घरच्याच बाईला उभे केले आहे, तेव्हा घरचेच काही बोलावे असे मी ठरवले. विषय आपल्या तळ्याच्या काठाचा. हसू नका, तळ्याची महती मी तुम्हाला सांगणार नाही. ते आपण जन्मापासून, नाही तर लग्न होऊन आल्यापासून पाहतच आहोत.

माझी धाकटी नणंद रत्नागिरीकडे दिली आहे. मागे माहेरपणाला आली तेव्हा तिकडच्या नकाशांची हकीकत सांगत होती. समुद्राची भरती जिथवर येते, तिथून आत पाचशे मीटरपर्यंतच्या जागेला १९९१ सालापासून सरकारी नियम आहेत. पुढे २०११ आणि २०१९ साली ते नव्याने केले गेले. किनाऱ्याच्या जिल्ह्यांचे नकाशे काढावयाचे, कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये ते ठरवावयाचे, आणि पक्के करण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकावयाचे, अशी ती रीत. पण कोळी मंडळींची तक्रार अशी की, नकाशात त्यांचे कोळीवाडे आणि मासळी वाळवण्याच्या जागा नीट दाखवलेल्याच नव्हत्या. मासळी वाळवणे हे बहुतेक बायकांचे काम. नणंद म्हणाली, "वहिनी, नकाशा करणाराला तिथे नुसती वाळू दिसली असेल."

हे ऐकले आणि मला आपल्याकडची सभा आठवली. समुद्र आपल्यापासून फार दूर आहे, पण काठ आपल्यालाही आहे. तळ्याच्या विकासाच्या आराखड्याविषयी एक सभा भरली होती, तिला आम्ही चौघी गेलो होतो. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. भिंतीवर रंगीत नकाशा. त्यात पाहुण्यांनी कुठून चालावे, कुठे थांबावे, कुठून तळे पाहावे, सारे होते. शेवटी विचारले, "कोणाला काही सांगावयाचे आहे काय?" माझ्या पोटात प्रश्न होता, पण जीभ उचलली नाही. शेजारची आजी कानाशी म्हणाली, "आपल्याले कोन पुसते बाई?" पण भगिनींनो, त्या दिवशी तर पुसले होते. गप्प बसले ती मीच. हे आज सर्वांसमक्ष कबूल करते.

माझा प्रश्न मोरीच्या पाण्याचा होता. आपले विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल. त्यात पाणी येते, पण बाहेर जावयास वाट नाही. जे जाते ते उन्हाने जाते. म्हणून तर पाणी खारे झाले. मग वरच्या वस्तीतून जे सांडपाणी उताराला लागते, धारेवर जो साबण आपण वर्षानुवर्षे चोळला, त्याचे काय होत असेल? २०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा दुनिया छायाचित्रे काढीत होती आणि आपल्यातल्या कितीकजणी देवीचा कोप झाला म्हणून घाबरल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले की, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळे रामसरच्या यादीत, म्हणजे जगातल्या मोलाच्या पाणथळ जागांत गेले. मान मिळाला खरा. पण गल्लीतल्या गटाराचे तोंड कुठे आहे, हे त्या यादीत कोण लिहिणार? ते आपल्यालाच ठाऊक.

आता जरा कडू बोलते. माझ्या सासरची आत उताराशी थोडी केळी होती. सासूबाई पहाटे उतरून धारेचे पाणी वळवीत आणि डोक्यावर घड घेऊन वर चढत. अभयारण्य २००० साली झाले आणि पुढे ती शेती बंद पडली. पुष्कळ दिवस मी चरफडले. आज मला वाटते, बंद केली ते योग्यच. खत आणि औषध तळ्यातच उतरत होते. परंतु बंद करताना त्या बाईने उद्यापासून काय करावे, हे कोणी बसून विचारले नाही. सासूबाईंनी पुढे कमळजेच्या नवरात्रात नारळ-ओट्या विकल्या. आज आपल्यापैकी सात-आठजणींचा संसार त्या दिवसांवर टेकलेला आहे. नवी पायवाट झाली, नव्या पक्क्या टपऱ्या झाल्या, तर टोपलीवाल्या बायकांना बसावयास जागा कोठे? हे आराखड्यात घाला, असे म्हणण्यात लाजण्यासारखे काय आहे?

आणखी एक. तळे सांभाळावयाचे म्हणून काठाजवळ घर वाढवू नका, असे ऐकू येते. मला ते पटते. पण दोन सुना आणि एकच खोली असलेल्या घराला नुसते 'नको' सांगून भागणार नाही. जागा गावाच्या कोणत्या अंगाला मिळेल, तेही त्याच कागदावर यावे. याबाबत आपल्यातच मतभेद आहेत, हे मी जाणते. सुशिक्षित घरच्या बायका तळ्याच्या बाजूने बोलतात आणि काठावरच्या बायका घराच्या. दोघींनी एका सतरंजीवर बसून भांडावे. पण लिहून द्यावयाचे ते भांडण झाल्यावर.

तर गुरुवारी दुपारी, भाकरी आटोपल्यावर, याच सभागृहात बसू. कागद मी आणीन. आपापल्या गल्लीतले पाणी कोठून कोठे वाहते ते पाहून या, आणि टोपलीवाल्यांनी यात्रेत कोण कोठे बसते ते ध्यानात आणावे. अक्षर ज्यांचे चांगले त्यांनी लिहावे. अर्ज बुलढाण्याला नेऊन देण्यात सबंध दिवस मोडेल, म्हणून जावयाच्या दोघीजणींची नावे त्याच दिवशी ठरवू. आणि त्या शेजारच्या आजींना आणण्याचे काम माझे. पूर्वी धार कोणत्या महिन्यात कशी वाहत असे, हे त्यांच्याइतके इथे कोणालाच सांगता येणार नाही.