कोपराचे दुखणे : टेनिस एल्बो आणि फिजिओथेरपी



कार्यकारिणीने आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पेशाने बँकेतील कारकून. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध रुग्ण म्हणूनच आलेला. परंतु उजव्या कोपराच्या एका दुखण्याने आमची अकरा महिने शाळा घेतली, आणि तेच दुखणे आपल्या वस्तीत घरोघरी आहे असे नंतर ध्यानात आले. म्हणून हा विषय घेतला आहे.

या आजाराचे नाव टेनिस एल्बो. हे नाव ऐकून शाखेतील सहकारी आम्हांला विचारीत, "काय हो, कोणत्या क्लबात जाता?" आम्ही आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. गंमत अशी की, 1873 साली रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने या दुखण्याची पहिली नोंद केली ती टेनिसपटूंच्या संदर्भात नव्हे, तर लिहून लिहून हात आखडणाऱ्यांच्या संदर्भात. पुढे 1880 नंतर इंग्लंडात हिरवळीवरच्या टेनिसचे वेड पसरले, तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांनी या दुखण्याला त्या खेळाचे नाव दिले आणि तेच चिकटले. वास्तविक बहुसंख्य रुग्णांचा टेनिसशी काडीचाही संबंध नसतो. 'कारकुनाचे कोपर' असे नाव पडले असते तर आमची थट्टा तरी टळली असती! असो.

आता हे दुखणे नेमके कुठे असते ते पाहू. आपला हात पालथा टेबलावर ठेवा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे टोकदार हाड चाचपा. मनगट वर उचलणारे स्नायू या हाडापासून सुरू होतात. स्नायू हाडाला ज्या दोरीने बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट खाली पडू नये म्हणून हेच स्नायू त्याला मागे खेचून धरतात. म्हणजे काम बोटांचे दिसते, पण ताण येतो कोपराजवळच्या त्या बोटभर दोरीवर. भरलेली कढई एका हाताने उतरवणे, चादर पिळणे, गवंड्याची थापी, सुताराचा स्क्रू-ड्रायव्हर, झाडूवाल्या ताईंचा खराटा, आमचा रबरी शिक्का, या सर्वांचा भार तिथेच. हा आजार बहुधा पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान गाठतो. स्त्री-पुरुष असा भेद तो करीत नाही.

आमच्या बाबतीत निमित्त झाले 2016 च्या नोव्हेंबरचे. 8 तारखेच्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढे 30 डिसेंबरपर्यंत बँकांच्या काउंटरवर काय झुंबड होती ते आपण सर्वांनी रांगेत उभे राहून पाहिले आहे. आम्ही रांगेच्या दुसऱ्या बाजूला होतो. गड्ड्या सोडणे, मोजणे, पुन्हा बांधणे, स्लिपांवर शिक्के मारणे, सकाळपासून रात्रीपर्यंत. जानेवारीत एके दिवशी चहाचा कप उचलताना कोपरातून कळ आली. मग आंघोळीचा तांब्या, कुलपाची किल्ली, कोणाशी हस्तांदोलन, सर्वच अवघड झाले. मजा अशी की, हात स्वस्थ मांडीवर ठेवला की काही नाही. त्यामुळे घरच्यांनाही वाटे, हे काही फार गंभीर नसावे.

एका सार्वजनिक रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात आम्हांला तपासले. एक्स-रेची गरज लागली नाही. तिथल्या बाईंनी कोपर सरळ ठेवून मनगट वर उचलायला लावले आणि त्या वरून दाबू लागल्या. तशीच चाचणी त्यांनी मधल्या बोटाची घेतली. दोन्ही वेळा हाडाच्या टोकाशी कळ आली. निदान झाले. नंतर त्यांनी मानही तपासली, कारण मानेतील शीर दबल्यानेही हात दुखतो, आणि मग कोपरावर कितीही उपचार केले तरी व्यर्थ जातात.

येथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. आपण समजतो की दुखते म्हणजे आतून सूज आली. जुन्या दुखण्यात बहुधा तसे नसते. 1979 साली नर्शल आणि पेट्रोन या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे सूक्ष्मदर्शकाखाली वर्णन केले. त्यात सुजेच्या पेशींपेक्षा विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती दिसली. जुना दोर उसवावा तसे हे आहे. म्हणून वेदनाशामक गोळीने चार दिवस बरे वाटते, पण दोर तसाच राहतो. निव्वळ विश्रांतीनेही भागत नाही, कारण कंडरा मजबूत होते ती बेताच्या ओझ्याने. ओझे अजिबात नको हेही चूक, आणि पूर्वीसारखेच ओझे हेही चूक. फिजिओथेरपीचे सारे शास्त्र या मधल्या वाटेवर उभे आहे.

इंजेक्शनबद्दल विस्ताराने बोलायला हवे, कारण आपल्या वस्तीत प्रश्न तिथेच येतो. आमच्या गल्लीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. कोपर दुखू लागल्यावर एका दवाखान्यात त्यांना स्टिरॉइडचे इंजेक्शन मिळाले. आठवड्यात दुखणे पळाले. ताई पुन्हा बादल्या उचलू लागल्या, चादरी पिळू लागल्या. दोन-अडीच महिन्यांनी दुखणे परत आले ते पूर्वीहून जोरात. हा त्यांच्या नशिबाचा भाग नव्हता. नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले होते. सहा आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटातील 92 टक्के, फिजिओथेरपीच्या गटातील 47 टक्के आणि नुसते थांबून राहिलेल्यांपैकी 32 टक्के बरे होते. हे वाचून कोणीही इंजेक्शनच घेईल. पण वर्षाअखेरीचा ताळेबंद उलटा होता : इंजेक्शन 69 टक्के, फिजिओथेरपी 91 टक्के, थांबून राहिलेले 83 टक्के. पुढे ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांतही इंजेक्शननंतर दुखणे उलटण्याचे प्रमाण असेच मोठे आढळले.

आम्ही आकड्यांत वावरणारी माणसे, म्हणून याच तक्त्यातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 91 आणि 83 यांत फार अंतर नाही. म्हणजे बहुतेकांचे दुखणे वर्ष-दीड वर्षात आपोआपही जाते. मग फिजिओथेरपी कशाला? आमचे उत्तर असे की, ज्याची मजुरी हातावर आहे त्याला ते वर्ष काढायचे असते. मधल्या महिन्यांत दुखणे आटोक्यात ठेवून काम चालू राहणे, ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष उपचार. पहिले दोन-तीन आठवडे आम्हांला जोराचा व्यायाम दिला नव्हता. हात पालथा टेबलावर ठेवायचा, दुसऱ्या हाताने वरून दाबायचे, आणि दुखऱ्या हाताने वर उचलण्याचा जोर करायचा, मात्र मनगट हलू द्यायचे नाही. तीस ते पंचेचाळीस सेकंद धरायचे, असे चार-पाच वेळा. नंतर आला मुख्य व्यायाम. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर पालथा टेकवायचा, पंजा कडेबाहेर लोंबता ठेवायचा आणि हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरायची. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्यायचा आणि मग दुखऱ्या हाताने एक ते पाच मोजत सावकाश खाली सोडायचा. सारे मर्म या खाली सोडण्यात आहे. वर उचलणे सोपे असते, पण उतरताना स्नायू लांब होत होत भार पेलतो आणि कंडरेला दुरुस्तीची चालना मिळते. दहा-पंधरा वेळा, असे तीन फेरे. बाटली प्रथम रिकामी, मग अर्धी, मग पूर्ण भरलेली, म्हणजे अर्धा किलो. आमची बाटली पूर्ण भरायला दीड महिना लागला. याशिवाय कोपर सरळ ठेवून पालथा पंजा दुसऱ्या हाताने खाली वाकवायचा आणि तीस सेकंद ताण द्यायचा. खांद्याचेही व्यायाम होते, ते येथे सांगत बसत नाही.

व्यायाम करताना थोडे दुखणारच. बाईंनी मोजमाप दिले होते : शून्य ते दहात तीन-चारपर्यंत दुखले तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी कालच्याहून अधिक दुखत असेल तर ओझे कमी करायचे. हा नियम आम्हांला सर्वांत उपयोगी पडला. बाजारात पट्टा मिळतो, तोही वापरला. तो दुखऱ्या हाडावर बांधायचा नसतो, दोन बोटे खाली स्नायूवर बांधायचा, कामापुरता, झोपताना काढून ठेवायचा. यंत्राचा शेक बराच प्रसिद्ध आहे, परंतु नुसत्या शेकाने हा आजार बरा होतो याला भक्कम आधार नाही. कोणी केवळ यंत्र लावून पैसे घेत असेल आणि व्यायाम शिकवीत नसेल, तर रुग्णाने स्वतः व्यायाम मागावा. जोरजोरात चोळून घेणे तर कटाक्षाने टाळावे.

ताईंना आम्ही त्याच विभागात घेऊन गेलो. "विश्रांती घ्या" असे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. चार दिवस रजा म्हणजे चार घरे हातची जाणे. तिथल्या बाईंनी ते ओळखले आणि काम कसे बदलायचे ते दाखवले. बादली उचलताना पंजा उताणा, कोपर वाकलेले आणि बादली अंगाजवळ. एका भरलेल्या बादलीऐवजी दोन अर्ध्या. चादर हाताने न पिळता नळाला अडकवून दुसरे टोक दोन्ही हातांनी फिरवायचे, किंवा तशीच निथळू द्यायची. घासणीच्या मुठीवर जुने कापड गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. ताईंना सात-आठ महिने लागले. त्या काळात एक घर सुटले, तीन राहिली. आम्हीही शाखेत शिक्क्याची मूठ जाड केली आणि माऊस काही दिवस डाव्या हाताला घेतला.

विद्यार्थ्यांना सचिन तेंडुलकरचे उदाहरण ठाऊक असेलच. 2004 मध्ये या दुखण्यामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने त्याला खेळता आले नाहीत, आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध 93 धावा करून तो परतला, आणि डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक काढून सुनील गावसकरांचा विक्रम त्याने मागे टाकला. परंतु यावरून शस्त्रक्रिया हाच उपाय असे मानू नये. सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करूनही जे बरे होत नाहीत, अशा थोड्यांनाच ती लागते, आणि तिच्यानंतरही व्यायाम सुटत नाहीत.

बोटांना मुंग्या येणे, पकडीची ताकद एकाएकी जाणे, कोपर सुजून लाल होणे व ताप येणे, किंवा पडल्यानंतर हात सरळ न होणे, यांपैकी काही असेल तर बाटली बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. ते टेनिस एल्बो नसावे.

बारावी विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी फिजिओथेरपीच्या पदवीचाही विचार करावा. पोलिओच्या साथीनंतर, 1950 च्या दशकात, या विद्येची देशातील पहिली शाळा परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. आज महाराष्ट्रात अनेक महाविद्यालये आहेत, पण आपल्या वस्तीत अजून एकही फिजिओथेरपिस्ट नाही.

मागच्या दाराजवळ टेबल मांडले आहे आणि बाटल्याही आणल्या आहेत. ज्यांना व्यायाम हाताने करून पाहायचा आहे, त्यांनी चहानंतर तिथे यावे. ज्यांचे कोपर आत्ता दुखत आहे, त्यांनी रिकामी बाटली घ्यावी.