गुंठ्यास एक माणूस
(कोल्हापुरांतील एका तालमींत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी घरांविषयीं बोलणार आहें. तालमींत घराचा विषय कशाला, असें कोणी मनांत म्हणत असेल. पण घरीं पाय पसरावयास जागा नाहीं म्हणून ज्यांनीं तालमींतच अंथरूण टाकलें, अशीं पोरें आपल्या प्रत्येक पेठेंत होऊन गेलीं आहेत.

कोल्हापुरांत जागाच उरली नाहीं, हें वाक्य आपण रोज ऐकतों. बिल्डर म्हणतो, पुढारी म्हणतो, भाडें वाढवितांना घरमालकही म्हणतो. तर हिशेबच करूं. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ५,४९,२३६ भरली. महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरास अदमासें ८,२०० माणसें. आंकडा मोठा वाटतो ना? आतां तोच एकरावर आणा. एकरास ३३ माणसें, आणि एकराचे गुंठे ४०! गुंठ्यास पुरतें एक माणूससुद्धां येत नाहीं. मग मंगळवार पेठेच्या बोळांत अर्ध्या गुंठ्यावर आठ-आठ माणसें निजतात, त्यांच्या वांट्याचे गुंठे गेले कोठें?

सगळे कोणी गिळले असें मी म्हणत नाहीं. रस्ते आहेत, रंकाळा आहे, हद्दीच्या कडेस ऊस आहे. पंचगंगेच्या पुराची जमीन आहे, आणि तिच्यावर घर बांधणें म्हणजे काय तें २००५, २०१९ आणि २०२१ सालीं आपण पाहिलें. पण एवढें वजा घालूनही सरासरी ही मोठी लबाड चीज आहे. बंगल्याची बाग आणि गल्लींतली खोली ती एकाच ताटांत वाढते.

आपलीं जुनीं घरें आठवा. पुढें सोपा, मधें माजघर, मागें परडें. मोठ्यांच्या वाड्यास चौक. माणसें पुष्कळ, पण चौकांतून उजेड येई आणि परड्यांत म्हैस बांधतां येई. पुढें भाऊवांटण्या झाल्या. रस्त्यावर दार प्रत्येकास हवें, म्हणून घर उभें चिरलें. दहा फुटांची चिरोटी एकेकाच्या वांट्यास आली, चौकावर पत्रा पडला, परड्यांत खोली उठली. आज मधल्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. दाट वस्ती निराळी आणि कोंडी निराळी, हें आमच्या शहाण्यांच्या लक्षांत येत नाहीं. राजारामपुरींत मजले चढले तरी वारा फिरतो, कारण तेथें आधीं गल्ल्या सरळ आंखल्या आणि मग घरें झालीं.

या चिरोटीवर नवें घर बांधूं म्हटलें, तर जिना, संडास आणि भिंतींची जाडी यांतच जागा संपते. शिवाय २०२० च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणें रस्ता जितका रुंद तितकें चटईक्षेत्र अधिक. कारण खोटें नाहीं. आग लागली तर बंब आंत शिरला पाहिजे. पण परिणाम काय? ज्याचा प्लॉट हमरस्त्यावर त्याचें सोनें झालें, बोळांतला जिथल्या तिथें! मग एके दिवशीं चारही भाऊ विकून हद्दीबाहेर जातात. त्यांचा भाडेकरू कोठें गेला, हें कोणी विचारीत नाहीं.

"फ्लॅट घ्या कीं!" म्हणणारांना मी शाहूपुरीची कुंभार गल्ली दाखवितों. २०१९ च्या ऑगस्टांत, गणपतीच्या तोंडावर, तेथें पुराचें पाणी शिरलें. त्यांना उंच इमारतींत न्या म्हणणें सोपें आहे. पण माती तिसऱ्या मजल्यावर चढवावयाची कशी, आणि मूर्ति उतरवावयाच्या कोणत्या लिफ्टनें? कुंभाराचें घर हाच त्याचा कारखाना. गवळ्याचें, चांभाराचें तेंच.

शाहू महाराजांना हें मर्म कळलें होतें. खेड्यांतल्या पोराची विद्या शहरांत पथारी मिळत नाहीं म्हणून अडते, हें ओळखून १९०१ सालीं मराठा बोर्डिंग निघालें, आणि मागोमाग इतर समाजांचीं. बोर्डिंग हाही घराचाच एक प्रकार होय. आज चंदगडचा पोरगा कॉटचें भाडें भरतो, आणि आडनांव विचारून खोली नाकारणारे महाभाग अजून आहेत.

मग करावयाचें काय? शेजारच्या चार चिरोट्या एकत्र केल्या तर पुन्हां चौक निघतो, खालीं धंद्याला जागा उरते, वर चार कुटुंबें उजेडांत राहतात. अडचण एकच, चार भावांना एका कागदावर आणणार कोण? आज बिल्डर आणतो, म्हणून लोणी तोच खातो. तें काम तालमीनें कां करूं नये? कागदांत भाडेकरूचें नांव मात्र पहिल्या दिवसापासून हवें, नाहींतर आपणही बिल्डरच!

येत्या रविवारीं सकाळीं आपल्या गल्लीपासून सुरुवात करूं. घराची रुंदी, खोल्या, खिडक्या आणि रात्रीं निजणारीं माणसें, एवढेंच लिहावयाचें. टेप मी आणतों, वही कोणीतरी आणा.