अर्जातले 'ऑलरेडी' आणि 'येट'
(तिरुविडैमरुदूर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



तंजावरची गादी १७९८ साली गेल्यावर अमरसिंग राजे याच गावी राहिले. तेव्हा मराठी इथे परकी नाही. पण तमिळ सोबत्यांबरोबर एकाच अर्जावर सह्या करायच्या तर इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो, आणि तिथे आपण अडखळतो.

आपण म्हणतो, 'काल कळवले आहे.' मराठीत ते चालते. इंग्रजीत मात्र 'काल' आले की 'हॅव' चालत नाही. 'आय रिपोर्टेड इट यस्टरडे' एवढेच. दिवस सांगायचा नसेल तर 'आय हॅव ऑलरेडी रिपोर्टेड इट'. आरोपपत्राच्या उत्तरात मात्र तारीखच घाला. नुसते 'ऑलरेडी' लिहिले तर 'म्हणजे कधी?' असे विचारायला साहेब मोकळे!

थकबाकीसाठी लिहा, 'वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड इट येट.' 'येट' म्हणजे अजून मिळालेले नाही, आणि आम्ही वाट पाहतो आहोत. ती मागणी सोडलेली नाही, हे त्या एका शब्दात येते.

'तीन महिन्यांपासून'चे 'सिन्स थ्री मंथ्स' आम्हीही वर्षानुवर्षे लिहीत आलो. ते चूक. मुदतीला 'फॉर', सुरुवातीच्या तारखेला 'सिन्स'.

आता आपापले जुने अर्ज काढा. एकेक वाचू या.