ठोकळ्यांची भिंत आणि भूकंप

घाटांत रस्त्याच्या कडेला भराव अडविणारी दगडी भिंत आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. अलीकडे तिच्या जागीं काँक्रीटचे ठोकळे नुसते एकावर एक रचलेले दिसतात. सांध्यांत चुना नाहीं, सिमेंटहि नाहीं. धरणी हलूं लागली म्हणजे अशा भिंतीचें काय होणार? ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा भूकंप झाल्यापासून महाराष्ट्रांत तरी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ठोकळे हा त्या भिंतीचा केवळ मुखवटा होय. ठोकळ्यांच्या थरांमधून प्लॅस्टिकची मजबूत जाळी मागें भरावांत दूरवर पसरलेली असते. जाळीनें बांधलेली ती माती हीच खरी भिंत.

स्थिर मातीच्या रेट्याचें गणित कूलाँबनें १७७६ मध्यें मांडलें. १९२३ सालीं टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर ओकाबे व मोनोनोबे या जपानी अभियंत्यांनीं त्यांत भूकंपाच्या धक्क्याची भर घातली. धक्क्यानें रेटा वाढतो हें उघड आहे. परंतु घसरूं पाहणारी मातीची पाचरहि अधिक आडवी होऊन मागें दूरवर पोहोंचते. त्यामुळें एरवीं पुरेशी वाटणारी वरच्या थरांची जाळी भूकंपाच्या हिशेबानें आखूड ठरते. काटकसरीचा मोह नेमका येथेंच होतो!

दुसरें मर्म जाळी व ठोकळा यांच्या जोडांत आहे. जोड नुसत्या घर्षणाचा असेल, तर वरच्या भारानेंच तो घट्ट राहतो. माथ्यावरील ठोकळ्यांवर भार थोडा, आणि हादरा मात्र बहुधा तेथेंच जास्त. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानांतील भूकंपांत अशा कांहीं भिंती कोसळल्या. जाळ्यांमधील उभें अंतर फार व जोड दुबळे, हीं त्याचीं प्रमुख कारणें होतीं. उलट १९९५ सालीं कोबे येथें तानाताची रेल्वेची भिंत, जाळीचीच पण एकसंध काँक्रीटच्या दर्शनी भागाची, थोडी सरकून उभी राहिली; भोंवतालचीं घरें मात्र पडलीं.

कित्येक नियमावल्यांत धक्क्याच्या कमाल जोराचा अर्धाच भाग हिशेबांत धरण्याची मुभा आहे. मोबदल्यांत भिंत एक-दोन इंच सरकेल हें मान्य करावें लागतें. वर मोकळें मैदान असेल, तर हा सौदा शहाणपणाचा. काठावरच घराचा पाया असेल, तर तो करूं नये. आपल्या आवारांत अशी भिंत उभी राहत असेल, तर वरच्या थरांची जाळी किती लांब आहे व ती ठोकळ्यांस कशी अडकविली आहे, एवढें अभियंत्यास अवश्य विचारावें.