हौसेचा कॉम्प्युटर आणि घरचा हिशोब

(खंडाळा येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



शिक्षणाचे महत्त्व, काटकसर, व्यसनमुक्ती अशा विषयांच्या पंगतीत खेळाच्या कॉम्प्युटरवरचे भाषण बसलेले पाहून, वाचकहो, तुमच्या भुवया उंचावतील. सभेतही काहींच्या उंचावल्या. परंतु ज्या वस्तूसाठी आपली मुले दोन-दोन वर्षे पैसे साठवतात, तिच्याविषयी वडीलधाऱ्यांनी अज्ञानात राहणे बरे नव्हे. मला ते एकदा फार महागात पडले आहे.

माझ्या भाच्याने सुट्टीच्या दिवशी बंगल्यांवर बागकाम करून पैसे जमवले. त्याच्या अम्मीने शिवणकामातून त्यात भर घातली. असे ५०,००० रुपये झाले. सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, असा त्याचा बेत. त्याने यादी केली होती. ती पुरती न वाचताच मी एका ओळीवर बोट ठेवले. "हा एसएमपीएस एवढा महाग कशाला? नुसता डबाच तर आहे. इथे पैसे वाचव." तो म्हणाला, "मामू, सगळ्यांना वीज तोच देतो." मी म्हटले, "मोठ्यांचं ऐकावं." त्याने ऐकले. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्या स्वस्त डब्यातून धूर निघाला आणि मदरबोर्डही त्याच्यासोबत गेला. पोराने मला एका शब्दाने दुखावले नाही. तेच मला अधिक लागले.

त्यानंतर मी त्याच्याजवळ बसून शिकलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की खरेदी पडद्यापासून ठरवावी. १९२० बाय १०८० च्या साध्या पडद्यावर सुमारे २० लाख ठिपके असतात, तर फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. चौपट ठिपके रंगवायचे म्हणजे यंत्राचे काम चौपट आणि खर्चही त्याच वाटेने जाणार. पहिल्या कॉम्प्युटरला साधा पडदा पुष्कळ झाला.

दुसरी गोष्ट ग्राफिक कार्डाची. आपण घाटातली माणसे आहोत. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात, तेव्हा ती वर येते. सपाटीवर एक इंजिन पुरते, चढावर मागचा रेटा लागतो. पत्रे, हिशोब, अभ्यास ही प्रोसेसरची सपाटी. खेळ म्हणजे घाट. तेथे ग्राफिक कार्ड हे बँकर आहे. पण दोन्ही इंजिनांचा मेळ हवा. दुबळ्या प्रोसेसरमागे भारी कार्ड लावले तर ते रिकामे बसून राहते.

तिसरी गोष्ट वाटणीची. भाव रोज बदलतात. २०२१ साली नाण्यांच्या 'मायनिंग'मुळे कार्डे महागली होती. २०२५ च्या अखेरीस रॅम महागली. म्हणून ढोबळ प्रमाण लक्षात ठेवा. पडदा आणि यूपीएस वेगळे धरून १०० रुपये असतील, तर ३५ ग्राफिक कार्डाला, ३० प्रोसेसर आणि मदरबोर्डाला, २० रॅम आणि एसएसडीला, १० एसएमपीएसला आणि ५ कॅबिनेटला. रंगीत दिव्यांना शून्य.

चौथी गोष्ट सोयरिकीची. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक मदरबोर्डावर बसत नाही. उदाहरणार्थ, रायझन ५ ५६०० ला एएम४ सॉकेट आणि डीडीआर४ रॅम लागते. एएम५ च्या बोर्डावर डीडीआर५ लागते. जुना बी४५० बोर्ड घेतलात तर त्याचे बायोस नवे केले आहे का, हे दुकानातच विचारा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते त्यात चित्राची सोय नसते. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. रॅम १६ जीबी घ्यायची तर एकच पट्टी न घेता ८ च्या दोन घ्या. दोन वाटांनी माल लवकर पोहोचतो.

आता तो 'नुसता डबा'. रायझन ५ ५६०० चे ६५ वॅट आणि आरएक्स ६६०० कार्डाचे १३२ वॅट धरा. पंखे, बोर्ड वगैरे मिळून बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. त्यावर राखीव ठेवून नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. '८० प्लस' हे विजेच्या बचतीचे चिन्ह आहे, ती सुरक्षिततेची हमी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत करू नका. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारणतः ३६० वॅटच देतो. घरचे अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या. वळवण, शिरवटा आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीत उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज गेली. परंतु त्याच डोंगरमाथ्यावरच्या आपल्या घरात पावसाळ्यात दिवा मिचमिचतो, हे विसरून चालत नाही. ओल धरलेल्या भिंतीपासून यंत्र वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ चालवा.

ज्यांचे पैसे पुरत नाहीत त्यांनी कर्ज काढू नये. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आतच असते. आज त्यावर हलके खेळ आणि अभ्यास होतो, उद्या पैसे साठले की कार्ड बसवता येते. मात्र त्या उद्यासाठी एसएमपीएस आजच चांगला घ्यावा.

माझ्या भाच्याने दुसऱ्यांदा हाच मार्ग धरला. नव्या मदरबोर्डाचे पैसे मी दिले. ते उपकार नव्हते, माझे देणे होते. आम्ही दोघे दादरला उतरून लोकलने ग्रँट रोडला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर दुकाने फिरलो. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घेतले, कारण वॉरंटीसाठी तेच कामी येते. घरी त्याने भाग जोडले. मी बॅटरी धरून उभा होतो. पडदा उजळला तेव्हा त्याची अम्मी मशीनवरून उठून पाहायला आली.

आज संध्याकाळी तो तासभर खेळतो. त्याआधी त्याची बहीण त्याच यंत्रावर आयटीआयच्या ड्राफ्ट्समन कोर्सचे नकाशे काढते. वेळेची वाटणी दोघांनी कागदावर लिहून भिंतीला लावली आहे.

पालकहो, मुलगा यादी घेऊन तुमच्याकडे आला तर नाही म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण आधी ती यादी शेवटपर्यंत वाचा. समजले नाही ते त्यालाच विचारा. लेकराला विचारल्याने मोठेपण कमी होत नाही. जळालेला तो डबा मी माझ्या कपाटावर ठेवला आहे. सल्ला देण्यापूर्वी एकदा तिकडे पाहतो.